आईच्या चाली मी मोबाईलला विचारल्या

ही गोष्ट मी पूर्ण अशी कोणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला अर्धी माहीत आहे. भावाला मागाहून सांगितली, तीही फोनवर, उभ्या उभ्या. मुळात मी कमी बोलणारी. ऑफिसातल्या बाया म्हणतात, मॅडमच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे अर्ज करावा लागतो. आता लिहायला बसले आहे तर सगळं सांगून टाकते. पण माझी चूक नेमकी कुठून सुरू झाली हे मला अजून समजलेलं नाही. ते समजलं असतं तर तिथूनच सुरुवात केली असती. समजत नाही म्हणून खेळापासून करते.

खेळ अगदी साधा. एक चौकोन, त्यात उभी-आडवी फुली आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या दोन तिरप्या रेघा. रेघा मिळतात तिथे नऊ जागा होतात. दोघांच्या तीन-तीन गोट्या. आधी आळीपाळीने मांडायच्या, मग रेघेरेघेने एकेक घर सरकवायच्या. ज्याच्या तिन्ही गोट्या एका ओळीत आल्या तो जिंकला. आई याला नुसतं ‘तीन गोटी’ म्हणते. तिच्याकडे एका डब्यात चिंचोके आणि खापराचे तुकडे असत. चिंचोके तिचे, खापरं समोरच्याची. धाकट्याने आधी मांडायचं, ही रीत. त्यामुळे मी पन्नाशीला आले तरी पहिली गोटी माझीच.

आई भंडाऱ्याकडची. बाबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे रायपूरला आली आणि इथलीच झाली. बाबा रिटायर झाल्यावर त्यांनी पुरानी बस्तीत लहानसं घर घेतलं. बाबा गेल्यावर आई तिथे एकटीच राहत होती. एकटी म्हणजे आमच्या हिशेबाने. तिच्या हिशेबाने शेजारची छत्तीसगढी काकी दिवसातून चारदा यायची, पौर्णिमेला विहारातल्या बाया न्यायला यायच्या आणि दुपारी दाराबाहेरच्या ओट्यावर तीन गोटी चालायची. मी तेलीबांध्याला राहते, फ्लॅटमध्ये. रविवारी जायची. मला गल्लीच्या तोंडाशी पाहिलं की काकी आधीच ओरडायची, “दीदी, तोर नोनी आ गे!” तोर नोनी, म्हणजे तुझी पोरगी. मग आई डबा काढायची.

झालं असं की एकदा तिने दूध गॅसवर ठेवलं आणि ओट्यावर जाऊन बसली. भांडं जळून काळं झालं. काकीला वास आला म्हणून बरं. पुढे एकदा गोल बाजारात कुकरचं रबर आणायला गेली आणि रबर न घेता पावशेर जिलबी घेऊन आली. हे ती स्वतःच हसत हसत सांगत होती. मी नाही हसले. मी ते पुण्याला भावाला सांगितलं.

भाऊ म्हणाला, “ताई, हे बरोबर नाही दिसून राहिलं. डोक्याचं काही असेल तर?”

“डॉक्टरनं तपासलं. वयाच्या मानानं ठीक आहे म्हणे.”

“ठीक म्हणजे काय? ठीक है और ठीक नहीं है, यात फरक आहे ना यार. तू जवळ आहेस. तू बघ.”

तू बघ. आमच्या घरात हे वाक्य मलाच येतं. मी थकले होते, हे आता लिहून टाकते. रविवार माझा नव्हता. रात्री फोन वाजला की आधी आईचंच नाव मनात यायचं. आई माझ्याकडे येऊन राहिली तर सगळंच सोपं होईल असं मला वाटायचं. पण ते मला बोलायचं नव्हतं. कोणीतरी दुसऱ्याने बोलावं असं वाटत होतं.

ऑफिसात त्या दिवसांत सगळेच मोबाईलमधल्या त्या एआयला काही ना काही विचारत होते. कोणी पत्रं लिहून घ्यायचं, कोणी पोराचा गणिताचा अभ्यास. माझ्या मनात आलं, आई आठवड्याला माझ्याशी खेळते. तिच्या चाली याला दाखवाव्यात. डोकं चालतंय की नाही हे चालींतून दिसेल. डॉक्टरने विचारलेले प्रश्न, आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, त्यापेक्षा हे बरं. निदान मला तसं वाटलं. मी हुशारी केली असं वाटलं.

घरांना आकडे दिले, वरून एक दोन तीन, मधलं पाच, शेवटचं नऊ. खेळून झाल्यावर आई चहा ठेवायला आत गेली की मी डाव आठवून मोबाईलमध्ये टाकायची. खेळाचे नियम आधी लिहून दिले: तीन गोट्या, आधी मांडणे, मग सरकवणे, ओळ झाली की जिंकले. मला वाटलं, झालं, एवढेच नियम आहेत.

त्याचं उत्तर वर्तमानपत्रासारख्या मराठीत आलं. ‘दुसऱ्या खेळाडूची पहिली चाल कमकुवत आहे. मधले घर मोकळे असताना ते न घेणे ही गंभीर चूक मानली जाते.’ दुसरा खेळाडू म्हणजे आई. मी दुसरा डाव टाकला. तेच. तिसऱ्या रविवारचा टाकला. तेच. आईने प्रत्येक डावात पहिला चिंचोका कोपऱ्यात नाहीतर कडेला ठेवला होता, मधलं घर समोर मोकळं पडलेलं असताना. मी सरळच विचारलं, ही बाई ऐंशीच्या घरात आहे, लहानपणापासून खेळते, सारखी हीच चूक करते, याचा अर्थ काय? त्याने आधी लिहिलं की एका खेळावरून आरोग्याचा निष्कर्ष काढता येत नाही, तज्ज्ञांना भेटा. मी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. मग त्याने लिहिलं की परिचित खेळात सातत्याने मूलभूत चूक होणे हे लक्ष केंद्रित न होण्याचे एक लक्षण असू शकते. असू शकते. मला हवं होतं ते मिळालं, आणि मी थांबले.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. त्या उत्तरात आणखी एक ओळ होती. ‘पहिल्या खेळाडूनेही पहिल्या चालीत हीच चूक केली आहे. त्याने मधले घर घेतले असते तर तो जवळजवळ खात्रीने जिंकला असता.’ पहिला खेळाडू म्हणजे मी. ती ओळ मी वाचली होती. घाईत सुटली असं नाही, वाचली होती. भावाला त्या उत्तराचा फोटो पाठवताना मी ती ओळ कापली. बोटाने कड वर सरकवली आणि पाठवून दिला.

का कापली? तेव्हा मनात आलं होतं की उगाच फाटे फुटतील, भाऊ चेष्टा करेल, ताई तुझंपण डोकं गेलं का म्हणेल. मूळ मुद्दा आईचा आहे, आपला नाही. असं काहीतरी. पण आम्ही दोघी एकाच पद्धतीने खेळतोय, मग तिची चाल आजार आणि माझी चाल काय, हा प्रश्न ज्याला पडायला हवा होता ती मीच होते. पडला की नाही? मला खरंच आठवत नाही. पडला असेल तर मी त्याला आत बसू दिलं नाही.

भावाने फोटो पाहिला आणि लगेच फोन केला. “हे तर क्लिअर आहे ताई. आता वाट पाहण्यात अर्थ नाही.”

“मी तेच म्हणते.”

“तू काहून म्हणशील, मशीन सांगून राहिली ना.”

मला हायसं वाटलं. मशीन सांगून राहिली होती.

भाऊ दोन दिवसांची रजा काढून आला आणि आम्ही आईला तेलीबांध्याला आणलं. तिला काय सांगितलं, तर तब्येतीसाठी, उन्हाळा जाईपर्यंत. ती वाद घालेल म्हणून मी तयारीत होते. तिने वाद घातला नाही. भावाच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुमी दोघं ठरवून आले. मंग मले काहून विचारून राहिले?” चार लुगडी आणि औषधं बांधली. काकी गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि डोळे पुसत मला म्हणाली, “जल्दी लाबे, नोनी.” लवकर घेऊन ये. मी हव म्हटलं, म्हणजे हो.

आमच्या खिडकीतून तलाव दिसतो. पाहुणे आले की आम्ही त्यांना खिडकीशी नेतो. आईने पहिल्या दिवशी पाहिला, चांगला हाये म्हणाली, आणि पुन्हा तिकडे फारशी गेली नाही. मी आणि नवरा सकाळी निघायचो ते संध्याकाळी यायचो. समोरच्या फ्लॅटचं दार कायम बंद. तिसऱ्या आठवड्यात ती खाली फिरायला गेली आणि लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरून कोणाच्या तरी दाराशी किल्ली लावत बसली. वॉचमनने आणून सोडलं. दुपारची झोपायला लागली. एकदा मला बाबा आले का म्हणून विचारलं, आणि मग स्वतःच उठून आत गेली.

मी भावाला म्हटलं, “बघ, वेळेवर आणलं.”

तसं वाटत होतं मला, खरंच. म्हणजे एका मनाला. दुसरं मन म्हणत होतं की तिथे असताना ही असं कधी बोलली नाही. पण दोन्ही मनं माझीच, कोणाचं ऐकणार?

तीन गोटीचा डबा तिने बरोबर आणला होता. फरशीवर खडूने आखायचं तर टाइल्सवर खडू उठेना. मी पुठ्ठ्यावर पेनाने आखून दिलं. एका रविवारी दुपारी आम्ही बसलो. माझी पहिली गोटी. आणि मला काय झालं कोण जाणे, मोबाईलने सांगितलेलं करून पाहावंसं वाटलं. खरंच जिंकतो का पहिला माणूस? मी खापर उचललं आणि मधोमध ठेवलं.

आईचा हात डब्यातच राहिला.

“हे काय केलं?”

“काय?”

“मधात ठेवली तू.”

“मग? ठेवता येते ना.”

तिने माझ्याकडे अशी नजर केली की मला एकदम परकरातली पोर असल्यासारखं वाटलं. मग वाकून माझ्या कपाळाला हात लावला. “ताप हाये का तुले?”

“आई, ताप कशाला असेल!”

“मंग विसरून कशी राहिली? पहिली गोटी मधात ठेवत नाई. कोणीच ठेवत नाई. मधात पानी असते.”

“पाणी?”

“विहीर व, विहीर!” आता ती चिडली. “लहानपनी शिकवलं होतं ना तुले? आमच्या गावात आमच्या बाया हंडे घेऊन विहिरीपाशी उभ्या राहत. कोनी वरून वाढलं तं पानी, नाई तं उन्हात उभं. माह्या आजीनं हा खेळ शिकवला तवा सांगतलं, मधातलं घर म्हनजे पानी. पहिल्याच गोटीनं त्याच्यावर जाऊन बसायचं नाई. लोकं बसले आपल्यावर, आपन नाई बसायचं. मंगच्या गोट्या जाऊ दे, प्याले जातेच ना मानूस. पन पहिली नाई.”

मी पुठ्ठ्याकडे पाहत बसले. मला हे माहीत होतं? इतकी वर्षं मी पहिली गोटी मधात ठेवली नाही, म्हणजे हाताला माहीत होतं. डोक्याला होतं का? लहानपणी मधात ठेवली तेव्हा आईने बोटावर चापटी मारली होती, असं मला आता आठवतं. पण ते खरंच आठवतं की तिने सांगितल्यावर मी मनाने रचलं, हे सांगता येत नाही. विहिरीचं तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं. आणि पहिल्यांदा ऐकलंय असं म्हणायची लाजही वाटली.

आईने मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. मी उठून आत गेले तर बाहेर तिचा पुरानी बस्तीतल्या काकीशी फोन चालू. छत्तीसगढी-हिंदी-मराठी एकत्र. “अरे सुन ना, मेरी बेटी को कुछ हो गया है. पहिली गोटी मधात ठेवली तिनं. हव, मधात! ऑफिसचं टेन्शन असन. लक्ष ठेवा लागते आता.” मला हसू आलं आणि मी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईल काढला. लिहिलं, एक नियम सांगायचा राहिला. पहिली गोटी कोणीच मधल्या घरात ठेवत नाही. आता तेच डाव पुन्हा बघ.

त्याने बघितले. लिहिलं की या नियमानुसार दुसऱ्या खेळाडूच्या पहिल्या चालींत कोणतीही चूक नाही, उलट पुढच्या चाली सावध आणि विचारपूर्वक आहेत. हा नियम आधी सांगितला असता तर विश्लेषण वेगळे झाले असते, हेही लिहिलं. नम्रपणे. मला राग आला. कोणाचा ते कळेना. त्याच्यावर रागवावं तर त्याने जेवढं सांगितलं तेवढ्याचंच उत्तर दिलं होतं, वर डॉक्टरकडे जा असंही म्हटलं होतं. मग मी एका डावाबद्दल पुन्हा विचारलं तर त्याने आईची एक सरकवणी बरोबर म्हटली, आणि थोड्या वेळाने तीच विचारली तर चूक म्हटली. मी म्हटलं, अरे आत्ताच तू बरोबर म्हणालास. तो म्हणाला, तुमचे म्हणणे योग्य आहे, क्षमस्व. मी समोरच्या डब्यातली भाजी तशीच झाकली.

मग मी कशावर आईला घरातून उचलून आणलं होतं?

त्या संध्याकाळी भावाला फोन केला. बाल्कनीत उभी राहून सगळं सांगितलं. कापलेली ओळसुद्धा.

“ताई, म्हणजे आई ठीक आहे?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही काय? आत्ता तर म्हणालीस चुकी नव्हती.”

“खेळात नव्हती. बाकीचं मला माहीत नाही. दूध तर जळलंच होतं ना. ती जिलबी, ती लिफ्ट, बाबा आले का, ते सगळं झालंच आहे. पण त्यातलं तिथलं किती आणि मी इथे आणल्यामुळे किती, ते मला समजत नाही.”

“मग आता काय करायचं?”

“तू सांग.”

“यार ताई, तू जवळ आहेस.”

मी फोन ठेवला. पहिल्यांदाच त्याच्या आधी ठेवला.

आईला सांगायला मला आणखी काही दिवस लागले. सकाळी ती मेथी निवडत होती तेव्हा समोर बसले आणि सांगितलं, की मी तुझ्या चाली मोबाईलला विचारत होते, की त्यावरून मी ठरवलं, की माझी चूकही त्याने दाखवली होती आणि मी ती लपवली. तिला मोबाईलचं फारसं समजलं असेल असं वाटत नाही. बाकीचं समजलं. ती देठं तोडत राहिली.

“म्हनजे रविवारी तू खेळत नव्हती.”

“खेळत होते, आई.”

“नाई. चहा ठेवाले मी आत गेली की तू मोबाईल काढत होती. मले वाटे, पोट्टीले घरची आठवण येऊन राहिली.” तिने पाला एका बाजूला केला. “माह्या डोक्याचं तुले पाह्यचं होतं तं मलेच विचारतीस. मी सांगतलं असतं. विसरतो मी. जिलबी आनतो रबराच्या ठिकानी. दूध जळलं त्या दिवशी मी काकीच्या नातीच्या लग्नाचं ऐकत होती. मले बी भेव वाटते. पन ते कोनाजवळ बोलू? तू तं आल्यावर घड्याळ पाहत बसे.”

मी खाली पडलेली देठं गोळा करायला लागले.

“मले घरी नेऊन दे,” ती म्हणाली.

“आई, तिथे काही झालं तर?”

“होईन तं होईन. इथं बी होईनच.”

मी म्हटलं, गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवते, काकीला सांगते, सकाळ-संध्याकाळ फोन करते. ती सगळ्याला हव म्हणत गेली, अगदी माझ्यासारखी. हव म्हणणं मी कोणाकडून शिकले ते तेव्हा कळलं. नवरा संध्याकाळी म्हणाला, पुन्हा विचार कर, उद्या काही कमी-जास्त झालं तर तुझ्यावरच येईल. त्याचं खोटं नव्हतं. मी रात्रभर हो आणि नाही करत राहिले आणि सकाळी कुठलाच निर्णय न घेता तिची पिशवी उचलली.

पुरानी बस्तीत गाडी गल्लीत जात नाही. तोंडाशी थांबवून आम्ही चालत निघालो. आई पुढे, मी मागे. ती कुठल्या वळणावर अडखळते का, चुकीच्या दाराशी थांबते का, हे माझे डोळे पाहतच होते, मी मनाई करूनही. ती कुठे थांबली नाही. एका ठिकाणी थांबली, पण ती मागे वळून माझ्यासाठी.

“येत जाय,” ती म्हणाली. “पन तपासाले नोको येऊ.”

मी जाते. दर रविवारी, कधी बुधवारीही. दारातून आत शिरताना आधी तिच्या तोंडाकडे पाहते, आणि त्या पाहण्यात काय काय असतं ते मला वेगळं काढता येत नाही. तिला येत असावं. कधी ती काही न बोलता सरकून बसते आणि शेजारी जागा करते. कधी म्हणते, “आज जाय तू, मले झोप येऊन राहिली,” आणि मी निघाले की मागून काकीशी बोलल्याचा आवाज येतो.